झडप पूर्ण उघडल्यावर

मंडळी, आत्ता या सभागृहातले पंखे फिरताहेत ते ५० हर्ट्झच्या विजेवर. हा आकडा कुणी एकटा सांभाळत नाही. ३१ डिसेंबर २०१३ला रायचूर-सोलापूर वाहिनी सुरू झाली, दक्षिण जोडली गेली, आणि तेव्हापासून साऱ्या देशाच्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी, म्हणजे हाच हर्ट्झचा आकडा, एकच आहे. कोयना असो की चंद्रपूर, पहिले काही सेकंद ही केंद्रं एकमेकांशी बोलतही नाहीत. मागणी वाढली की सगळी जनित्रं किंचित मंदावतात. ती घसरण हाच प्रत्येक संचाच्या गव्हर्नरला, म्हणजे वेग पाहून वाफेची किंवा पाण्याची झडप हलवणाऱ्या यंत्रणेला, निरोप: झडप उघड. मला यात फार मोठं सौंदर्य दिसतं.

आता हिशेब करू. ड्रूप, म्हणजे झडप शून्यापासून पूर्ण उघडायला फ्रिक्वेन्सी किती टक्के पडावी लागते तो आकडा, ५ टक्के धरला, तर फ्रिक्वेन्सी ०.१ हर्ट्झ पडल्यावर ५०० मेगावॉटचा संच २० मेगावॉट जास्त देतो. असे तीन संच आहेत, मागणी ६०ने वाढली. प्रत्येकाने २० दिले, फ्रिक्वेन्सी ४९.९वर थांबली. पण तिसरा आधीच पूर्ण ५००वर चालत असेल तर? निरोप त्यालाही पोचतो, पण झडपेत उघडायला काही उरलेलंच नाही. मग दोघांवर ३०-३० पडतात आणि फ्रिक्वेन्सी ४९.८५वर जाते.

खरी अडचण यानंतरची. फ्रिक्वेन्सी पुन्हा ५०वर आणायला वरून एक नियंत्रक आदेश धाडत असतो, आणि तो झालेली तूट साठवत जातो. भरलेल्या संचाकडे ‘अजून दे, अजून दे’ करत तो ५६०पर्यंत पोचतो. संच ५००वरच. रात्री मागणी उतरते. आता ‘कमी कर’ म्हणायचं, पण आधी त्या ५६०चे ५०० व्हायला हवेत. तोवर हा संच तसूभर हलत नाही आणि त्याच्या वाट्याची कपात इतरांना सोसावी लागते. याला वाइंडअप म्हणतात. उपाय साधा आहे: आपण मागितलं किती हे नाही, प्रत्यक्ष मिळालं किती हे नियंत्रकाला कळवायचं. एकट्या यंत्रात हे जुनं शहाणपण आहे. समूहात ते शेजाऱ्यांपर्यंतही पोचवावं लागतं.

दुसरा मार्ग मंद हाताचा. झोंगली लिन आणि अली साबेरी या नियंत्रणशास्त्राच्या अभ्यासकांनी १९९३मध्ये दाखवलं, की मुळात उधळणाऱ्या नसलेल्या प्रणालींना, सुरुवातीचं विचलन कितीही मोठं पण आधी ठरलेलं असेल तर, पुरेशा हलक्या नियंत्रणाने, मर्यादेला न टेकता स्थिर करता येतं. वेळ जास्त लागतो, इतकंच.

कोयनेकडे मात्र वेगळ्या नजरेने पाहावं लागतं. १,९६० मेगावॉटचं हे केंद्र झटकन भार उचलतं, म्हणून संध्याकाळी सगळे तिच्याकडे बघतात. पण कृष्णा लवादाने पश्चिमेकडे वळवायचं पाणी वर्षाला ६७.५ टीएमसीवर बांधलंय. तेव्हा कोयनेला ‘दे’ म्हणण्याआधी दोन आकडे विचारावे लागतात: झडपेत किती शिल्लक आहे, आणि वर्षाच्या पाण्यात किती.