कोरडा पारा, ओला पारा

श्रोतेहो, नमस्कार.

कूलरच्या टाकीत दिवसातून दोनदा पाइप सोडावा लागतोय, आणि दुपारी सीताबर्डीवर माणूस दिसलाच तर दुपट्ट्यातले दोन डोळे तेवढे दिसतात. म्हणजे मे निम्मा सरला, हे सांगायला मी नको. पुढच्या पंधरवड्याचं मात्र सांगायचंय.

आपल्याकडे मे महिन्यात दुपारचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या आसपास असतो. पंचेचाळीसला टेकला की हवामान खातं उष्णतेची लाट म्हणतं, सत्तेचाळीसला तीव्र लाट. २३ मे २०१३ ला नागपूरनं ४७.९ बघितलंय. राजस्थानकडून येणारा कोरडा वारा मध्ये कुठे अडत नाही, आणि समुद्र तर दोन्हीकडून लांब. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणीत जातो आणि नवतपा, म्हणजे नऊ दिवसांची कडक तापण, लागतो. हे आकडे मात्र सावलीतले असतात बरं का. पुन्हा सांगतो, सावलीतले.

यावरून आमचे काकाजी आठवतात. महालातला आमचा वाडा, आणि त्याच्या पश्चिमेच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला काकाजींचा थर्मामीटर. पन्नासपर्यंतच आकडे होते त्यावर. चार वाजता काकाजी कपाळावर हात धरून पारा बघायचे आणि संध्याकाळी बातम्यांना रेडिओजवळ बसायचे. रेडिओ म्हणायचा, चव्वेचाळीस. काकाजी उसळायचे, "खोटं! पन्नासच्या वर जागा नाही म्हणून पारा थांबला बाप्पा, नाहीतर काच फुटली असती!" मग आकाशवाणीच्या नावानं पोस्टकार्ड जायचं. ते पेटीत टाकायला मला पाठवायचे, तेही दुसऱ्या दिवशी भर दुपारी. म्हणजे काकाजींच्या हिशेबानं पन्नासच्या वरच.

वाड्यात वेधशाळेतून निवृत्त झालेले एक भाडेकरू होते, त्यांना सगळे साहेब म्हणत. एका दुपारी त्यांनी तो थर्मामीटर खिळ्यावरून काढला. म्हणाले, "काकाजी, तुम्ही भिंतीचा ताप मोजता, हवेचा नाही. आमच्याकडे पांढऱ्या रंगाची लाकडी पेटी असते, चहूबाजूंनी झडपांच्या फटी, जमिनीपासून चार फूट वर, दार उत्तरेला. उन्हाचा एक कवडसा आत जात नाही, वारा तेवढा जातो." अंगणातल्या कडुनिंबाच्या गर्द सावलीत थर्मामीटर टांगला. अर्ध्या तासानं बघितलं, तर चव्वेचाळीस.

काकाजी हरले, पण कबूल कोण करणार? "सावलीत कोणी शेती करते का?" असं काहीतरी पुटपुटले. साहेबांनी मग काकाजींच्याच जुन्या धोतराची एक चिंधी फाडली, माठातल्या पाण्यात बुडवली, पाऱ्याच्या गोळीला गुंडाळली आणि मला म्हणाले, "बाळा, पंख्यानं वारा घाल." मी घालत सुटलो. पारा चाळीस, पस्तीस, तीस करत उतरला आणि चोवीसवर येऊन थांबला. त्याच झाडाखाली, त्याच वेळी. काकाजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे नागपुरात चोवीस बी आहे?" साहेब म्हणाले, "आहे ना. तुमच्या वाळ्याच्या ताटीतून जे येतं, ते हेच."

दुसऱ्या दिवशी नवं पोस्टकार्ड: "महालात काल चोवीस. कृपया प्रसारित करावे."

आता मुद्द्याचं. हवा जितकी कोरडी, तितकं ओल्या चिंधीवरचं पाणी झपाट्यानं उडतं आणि तितका गारवा. कूलर म्हणजे ती चिंधीच, मोठी. मेच्या कोरड्या दुपारी तो झकास चालतो. महिना संपता संपता बंगालच्या उपसागराकडून ओल सरकू लागते, दुपारनंतर ढग जमतात, वीज कडाडते. कमाल तापमान चाळीसवर उतरतं, पण ओला पारा, म्हणजे ओली चिंधी गुंडाळलेल्या थर्मामीटरचा आकडा, तीसकडे चढतो. पुन्हा सांगतो: कोरडा उतरतो, ओला चढतो. त्या दिवसांत घाम वाळत नाही, कूलर नुसता चिकट वारा फेकतो आणि आपण बिचाऱ्या मोटरला शिव्या घालतो. खिडकी उघडी ठेवा, तेवढंच. पाऊस केरळात साधारण १ जूनला येतो, आपल्याकडे जूनच्या मध्यावर. तोवरचे हे दिवस फार वाईट, आणि बातमीतल्या कमाल आकड्यात ते दिसत नाहीत.

रात्रीचंही तेच. किमान तापमान तीसच्या खाली आलं नाही तर शरीराला उसंत मिळत नाही. आणि गल्लीबोळात सिमेंटचे रस्ते ओतून ठेवल्यावर रात्र गार होईल कशी? काकाजींची पश्चिमेची भिंत आता शहरभर आडवी पसरली आहे. अन् मेमध्ये दुपारी साडेबाराचे लग्नाचे मुहूर्त कोण काढतं हो? वऱ्हाडी वितळतात, श्रीखंड त्याआधी.

शेतकरी बंधूंनो, मृग बहारासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडी येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, संत्र्याचं पाणी तोडून ताण दिला असेल, तर वळवाच्या एका सरीनं तो मोडू शकतो, लक्ष ठेवा. गडगडाट ऐकू आला की झाडाखालून निघा. विजेच्या सूचनेसाठी 'दामिनी' ॲप आहे, घरातल्या पोरांना मोबाईलवर टाकून मागा.

३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश झळकले आणि देशभर बातमी झाली. नंतर सेन्सरमधला दोष निघाला. काकाजी असते तर म्हणाले असते, "मी काय सांगत होतो!"

त्यांचा थर्मामीटर आता माझ्याकडे आहे, गॅलरीत उत्तरेला, चिंधीसकट. काल चार वाजता ओला पारा चोवीसला होता. तेव्हा हा आठवडा तरी कूलर साथ देईल, टाकी भरून ठेवा.