भाट्याची खाडी, पाण्याच्या वेळेने

[दृश्य: भाट्याचा पूल, सकाळचे सात. पावसकडे निघालेली एसटी.]

रत्नागिरीहून पावसला जाणारी एसटी हा पूल बघता बघता ओलांडते. डावीकडे खाडी, उजवीकडे समुद्र. खिडकीतला माणूस मान वळवेपर्यंत पलीकडच्या नारळाच्या बागा सुरूही होतात. शहरातल्या कित्येकांनी ही खाडी एवढीच पाहिली आहे. आज आपण तिच्या काठाने चालणार आहोत, सकाळपासून दिवस कलेपर्यंत.

आज फाल्गुन वद्य पंचमी, रंगपंचमी. तिथी मुद्दाम सांगतोय. भरतीची वेळ काढायची आपल्याकडची जुनी रीत म्हणजे तिथीची पाऊणपट. पाचाची पाऊणपट पावणेचार. म्हणजे पहाटे पावणेचारच्या सुमारास भरती होऊन गेली. आता पाणी ओसरतंय. दहाच्या आसपास पूर्ण सुकती, आणि दुपारी चारच्या सुमारास खाडी पुन्हा तुडुंब. चंद्र रोज उशिरा उगवतो, तशी भरतीही रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. खाडीकाठी फिरायचं तर आधी हा हिशोब करायचा, मग चहा प्यायचा.

[दृश्य: राजिवडा. नांगरलेल्या होड्या, वाळत घातलेली जाळी.]

हा राजिवडा. पिढ्यान्‌पिढ्या मासेमारीवर जगलेली वस्ती. सकाळी मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा, त्यामुळे पाणी अगदी संथ आहे. सावलीत बसून कुणी जाळ्याची फाटलेली आसं, म्हणजे जाळ्यातली भोकं, विणतंय. गावात शिमग्याचे ढोल वाजतायत; ग्रामदैवत भैरीची पालखी या दिवसांत शहरभर फिरते. इथून आपण कर्ल्याच्या बाजूने वर, सोमेश्वरच्या दिशेला निघू.

सह्याद्रीतून आंबा घाटाच्या परिसरातून येणारी काजळी नदी साखरपा, चांदेराई करत इथवर पोचते. पावसाळ्यात हीच नदी चांदेराईच्या बाजारपेठेत शिरते. आत्ता मात्र वरून येणारं गोडं पाणी नावापुरतं उरलंय, म्हणून फाल्गुन-चैत्रात समुद्राचं खारं पाणी पार आतपर्यंत जातं. वसंतातली खाडी खऱ्या अर्थाने समुद्राची असते.

पलीकडच्या उतारावर पांगारा फुललाय, पान नाही, नुसता लालभडक. कुंपणांना गिरिपुष्पाची फिकट गुलाबी फुलं. बागांमधून झेल्याने पहिला हापूस उतरवणं सुरू झालंय. काजूच्या बोंडांचा वास वाऱ्यावर येतो आणि चालणारा आपोआप थांबतो.

[दृश्य: कांदळवन, म्हणजे खारफुटीचं जंगल, अगदी जवळून. चिखल, मुळं, पानं.]

इथे जरा वेळ थांबू. घाई करू नये अशी ही जागा आहे.

पाणी उतरलंय आणि चिखलातून हजारो मुळं वर आली आहेत. पेन्सिलीसारखी बारीक, सरळ, ती तिवराची. जाड, शंकूसारखी, ती पांढऱ्या चिप्पीची. या चिखलात हवा जवळजवळ नसतेच. म्हणून ही झाडं मुळं वर काढतात आणि मुळांवरच्या बारीक छिद्रांमधून श्वास घेतात. तिवराचं एक पान उन्हात तिरपं धरा. त्यावर चमकतात ते मिठाचे कण. शोषलेलं जास्तीचं मीठ तिवर पानावाटे बाहेर टाकतो. पानाला जीभ लावून पाहा, खात्री पटेल.

पांढऱ्या चिप्पीला 2020 साली महाराष्ट्राने राज्य कांदळवन वृक्ष म्हणून जाहीर केलं. तिचं फूल रात्री उमलतं, वटवाघळं आणि पतंग त्यावर येतात, आणि उजाडता उजाडता त्याचे पांढरे केसर खाली झडून जातात. ते फुललेलं पाहायचं तर अंधारातच यायला हवं.

मुळांच्या मधून निवटे नावाचे छोटे मासे चिखलावर उड्या मारतायत. एक नांगी अवाढव्य असलेले चिमुकले खेकडे ती वरखाली करत माद्यांना बोलावतायत. कोळंबीची, तांबोशीची, बोयरांची पिल्लं याच मुळांच्या आडोशाला वाढतात. राजिवड्याच्या जाळ्यात जे येतं, त्यातलं कितीतरी इथे वाढलेलं असतं.

आणि याच मुळांना प्लॅस्टिकच्या पिशव्या गुंडाळल्या गेल्यात. भरतीला वर तरंगतात, सुकतीला मुळांवर बसतात. छिद्रं झाकली की श्वास बंद. कांदळवनं तोडायला मुंबई उच्च न्यायालयाची बंदी आहे, भोवतालच्या 50 मीटरच्या पट्ट्यालाही संरक्षण आहे. पण पिशवी कुऱ्हाड चालवत नाही, म्हणून तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

[दृश्य: दहा वाजले आहेत. उघडा पडलेला पुळणवटा.]

सुकती. कमरेइतक्या पाण्यात बायका मुळे, म्हणजे खायचे शिंपले, काढतायत. डोळ्यांनी नव्हे, पायांनी. तळव्याने चाचपायचं, टणक लागलं की वाकून उचलायचं आणि सोबत तरंगणाऱ्या पातेल्यात टाकायचं. पाणी चढेपर्यंत जेवढे मिळतील तेवढे. मग बाजारात वाट्यावर विक्री. ताटातल्या मुळ्यांच्या सुक्यामागे हे तासन्‌तास ओल्यात उभं राहणं आहे.

[दृश्य: दुपार. थिबा पॉइंटवरून खाडीचा संपूर्ण पट.]

परतताना ऊन टाळायला वर चढून आलो. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा 1886 पासून रत्नागिरीत नजरकैदेत होता. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा 1910 मध्ये पूर्ण झाला, आणि 1916 मध्ये तो इथेच वारला. त्याच्या नावाच्या या जागेवरून पूल, खाडीचं वळण, भाट्याचं सुरूबन आणि समुद्र एका नजरेत मावतात. पलीकडे नारळ संशोधन केंद्राची झाडं, 1955 पासूनची संस्था.

[दृश्य: साडेतीन. खाडीचं मुख, आत येणाऱ्या होड्या.]

आता खारा वारा सुटलाय आणि पाणी चढतंय. मुखाशी गाळ साचून पात्र उथळ झालंय. सुकतीला होडी आत आणायला गेलं तर रुतते, म्हणून होड्या बाहेर भरतीची वाट पाहत थांबतात. आता एकामागून एक आत येतायत, आणि त्यांच्या मागे कुरव पक्षी. या तपकिरी डोक्याच्या कुरवांकडे नीट पाहा. हिवाळ्यात यांचं डोकं पांढरं असतं, डोळ्यामागे फक्त एक गडद ठिपका. आता बहुतेकांची डोकी रंगली आहेत. हा विणीचा पोशाख. लवकरच हे लडाख, तिबेटच्या सरोवरांकडे निघतील.

तुम्हाला यायचं असेल तर पाडव्याच्या आत या. टोपी, पाणी आणि चिखलात चालतील अशा चपला घ्या. पाडव्यानंतर ऊन तापतं, आणि कुरवही गेलेले असतात.