अर्ध्यावर थांबलेलं इन्स्टॉलेशन

(रत्नागिरीत संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

इन्स्टॉलर म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर फायली कॉपी करणारा प्रोग्रॅम येतो. तेवढा भाग तुमच्यातला कोणीही एका दुपारी लिहील. अवघड आहे ते वेगळंच: निम्म्या फायली डिस्कवर गेल्या आणि लाईट गेली, तर पुढे काय? हा प्रश्न मोठ्या शहरातल्या ऑफिसात बसून क्वचितच आठवतो; आपल्याकडे मृग लागला की रोज समोर येतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा रायगडातली कितीतरी गावं बरेच दिवस अंधारात होती. ते टोकाचं झालं म्हणा. तारेवर माडाची झावळी पडायला वादळ लागत नाही.

म्हणून डिझाइन करताना पहिल्या कागदावर अवस्था लिहा. डेबियन या लिनक्स प्रणालीत पॅकेजं (म्हणजे प्रोग्रॅमच्या फायलींचे गठ्ठे) बसवणारा डीपीकेजी हेच करतो. त्याच्या दृष्टीने पॅकेज नुसतं 'आहे' किंवा 'नाही' असं नसतं. अर्धवट बसलेलं, उलगडलेलं पण कॉन्फिगर न झालेलं, अर्धवट कॉन्फिगर झालेलं, पूर्ण बसलेलं अशा पायऱ्या असतात आणि प्रत्येक पॅकेज कोणत्या पायरीवर आहे याची नोंद एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये राहते. मशीन पुन्हा सुरू झालं की कुठे थांबलो होतो, हे त्या नोंदीवरून कळतं.

आता फायलींकडे येऊ. जुन्या फाइलवर थेट नवी लिहायला घेतली आणि मध्येच वीज गेली, तर जुनी गेली आणि नवी आली नाही. घर शाकारताना नवी कौलं अंगणात येऊन पडल्याशिवाय जुनी कोणी उतरवत नाही, तसंच इथे. नवी फाइल शेजारी दुसऱ्या नावाने पूर्ण लिहायची, मग 'रीनेम' करून जुनीच्या जागी आणायची. युनिक्स परंपरेत रीनेम अखंड असतं: बघणाऱ्याला जुनी फाइल दिसते किंवा नवी, मधलं काही नाही.

हे ऐकायला छान वाटतं, पण यात एक पाचर आहे, आणि ती मला फार आवडते. ऑपरेटिंग सिस्टिम लिहिलेला मजकूर लगेच डिस्कवर नेत नाही, मेमरीत साठवून ठेवते. ईएक्सटी४ सारख्या फाइल सिस्टिममध्ये (डिस्कवर फायली मांडून ठेवण्याच्या व्यवस्थेत) नाव बदलल्याची नोंद डिस्कवर आधी पोचू शकते आणि आतला मजकूर मागे राहू शकतो. तेवढ्यात वीज गेली तर नाव बरोबर, फाइल मात्र शून्य बाइटची! उपाय म्हणजे रीनेमच्या आधी 'एफसिंक' करून मजकूर डिस्कवर उतरवायला लावणं. डीपीकेजीत तो आला आणि इन्स्टॉलेशन मंदावल्याची ओरड सुरू झाली. आजही तो टाळण्याचा पर्याय डीपीकेजीत आहे. नाव 'अनसेफ' असं स्पष्ट ठेवलंय. फेकून द्यायच्या कंटेनरमध्ये (काम झालं की पुसून टाकायच्या तात्पुरत्या सिस्टिममध्ये) खुशाल वापरा. शाळेच्या लॅबमध्ये नको.

डाउनलोडचा भाग त्या मानाने सोपा. डीपीकेजीसाठी पॅकेजं उतरवून आणणारा ॲप्ट अर्धवट उतरलेली फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो आणि उरलेलाच तुकडा पुन्हा मागतो. मग हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा, जुळतो का बघतो. मोबाइलच्या डेटावर काम चालवणाऱ्यांना याचं मोल सांगायला नको.

खरी डोकेदुखी पॅकेजबरोबर येणाऱ्या स्क्रिप्टांची. कोणी युजर तयार करते, कोणी सर्व्हिस चालू करते. ती निम्म्यात तुटली तर दुसऱ्यांदा चालवताना अडखळता कामा नये. युजर आधीच असेल तर मुकाट्याने पुढे जायचं. डेबियनच्या धोरणात ही अट आहेच. तरी तुमच्या स्क्रिप्टा दोनदा चालवून बघा, निम्म्या तिथेच पडतील. (हशा)

आणि ॲप्टवर माझा एक राग आहे. डीपीकेजीचं काम मध्येच तुटलं होतं हे त्याला ठाऊक असतं, कोणती आज्ञा द्यायची हेही ठाऊक असतं. तरी तो माणसाला सांगतो, 'ही आज्ञा स्वतः चालव.' कंप्युटर शिकवणाऱ्या बाईंनी तो इंग्रजी संदेश वाचून काय करायचं? ठाऊक आहे तर स्वतः विचारून पुढे जा ना!

निक्स या दुसऱ्या पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रॅमने वेगळी वाट काढली. प्रत्येक आवृत्ती आपल्या स्वतंत्र फोल्डरमध्ये, आणि शेवटी फक्त एक दुवा नव्याकडे वळवायचा. त्याआधी वीज गेली तर जुनं जसंच्या तसं चालू. अँड्रॉइडने २०१६ मध्ये ७.० पासून दोन विभाजनांची सोय आणली (डिस्कच्या एका भागातली सिस्टिम चालू, नवी आवृत्ती दुसऱ्या भागात), तिचं तत्त्व जवळपास हेच. किंमत जागेत मोजावी लागते. छोट्या डिस्कच्या जुन्या मशीनवर ती सगळ्यांना परवडत नाही.

शेवटी एकाने विचारलं, 'मग निक्स वापरलं की जुन्या आवृत्तीवर मागे जाणं कायम सुरक्षित?' प्रोग्रॅमपुरतं, हो. पण नव्या आवृत्तीने सुरू होताच तुमचा डेटाबेस नव्या रचनेत बदलून टाकला असेल, तर जुना प्रोग्रॅम परत आणूनही तो डेटा त्याला वाचता येणार नाही. दुवा मागे वळतो, डेटा नाही. बदल करण्याआधी डेटाची प्रत ठेवणं हे इन्स्टॉलरने करायचं की त्या प्रोग्रॅमने, यावर मात्र तुम्ही आज चहाला भांडा.