तळघरातली पाच रिळं

ही व्हीएचएस कॅसेट मी आज मुद्दाम बरोबर आणली आहे. मागच्या रांगेतल्या मंडळींनाही दिसावी म्हणून जरा उंच धरतो. १९९४ च्या डिसेंबरात माझा मावसभाऊ न्यू जर्सीहून सुट्टीवर आला, तेव्हा त्यानं ती माझ्यासाठी आणली. पाठीवरच्या पट्टीवर बॉलपेननं लिहिलंय, 'बिंग, ख्रिसमस, ७७'. बिंग म्हणजे अमेरिकन गायक बिंग क्रॉस्बी, आणि त्याचे टीव्हीवरचे जुने कार्यक्रम शोधणं हा माझा छंद. त्याच्या एका शेजाऱ्यानं कार्यक्रम टीव्हीवर लागलेला असताना घरच्या व्हीसीआरवर उतरवून ठेवला होता.

त्या रात्री जेवणं लवकर उरकून घरातले सगळे टीव्हीपुढे बसलो. मी कॅसेट आत सरकवली आणि पडद्यावर करड्या पट्ट्या वरून खाली धावायला लागल्या. चित्र ठरेना, रंग तर नाहीच. आवाज येत होता, पण इतका जड आणि रेंगाळलेला, की विहिरीच्या तळातून कोणी गातंय असं वाटावं. आईनं विचारलं, "हाच का तो तुझा गोड गळ्याचा?"

दोष कॅसेटचा नव्हता. तेव्हा अमेरिकेतली टीव्ही-चित्राची पद्धत एनटीएससी, तिथलं चित्र ५२५ रेषांचं, सेकंदाला ३० चौकटी. आपली पद्धत पाल, ६२५ रेषा, सेकंदाला २५ चौकटी. त्यात कॅसेटमधली टेप पुढे सरकण्याचा वेगही दोन्हीकडे वेगळा, आपल्याकडे कमी. आमचा बिचारा व्हीसीआर ती टेप आपल्याच चालीनं ओढत होता. पुढं आठ महिन्यांनी आखातातून परतलेल्या एका मित्राच्या घरी दोन्ही पद्धतींच्या कॅसेटी चालवणारा मल्टिसिस्टीम व्हीसीआर आला, आणि तिथं मी हा कार्यक्रम पहिल्यांदा धड पाहिला. ते आठ महिने कॅसेट कपाटात होती, हातात होती, आणि तरी माझ्यापाशी नव्हती. या छंदाचा पहिला धडा मला तिथं मिळाला. एखादा जुना कार्यक्रम 'आहे' असं म्हणताना तो कशावर आहे, हे आधी विचारावं लागतं.

बिंग क्रॉस्बी म्हणजे कोण, हे इथल्या तरुण मंडळींना सांगायला हवं. जन्म १९०३, वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमा गावी. १९२५ च्या सुमाराला मायक्रोफोन लावून रेकॉर्डिंग व्हायला लागलं. त्याआधी गायकाला भोंग्यात तोंड घालून, छाती फोडून गावं लागे. मायक्रोफोन आल्यावर कानाशी बोलावं तसं गाता यायला लागलं. अशा हळू, गुणगुणत गाणाऱ्याला अमेरिकेत क्रूनर म्हणायला लागले, आणि बिंग हा त्यांच्यातला थोर. आपल्याकडे सैगल, पुढे तलत महमूद यांचा आवाज ज्यांनी मनात साठवलाय, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. श्वास ऐकू येण्याइतकं जवळून गाणं, ही त्या यंत्राचीच देणगी.

रेडिओ, सिनेमा, रेकॉर्डी यांत बिंगचं सगळं बरंचसं शाबूत आहे. घोळ आहे तो टेलिव्हिजनचा. १९५४ च्या जानेवारीत त्याचा पहिला खास कार्यक्रम सीबीएस या अमेरिकन वाहिनीवर झाला, आणि तिथून १९७७ पर्यंत तो टीव्हीवर येत राहिला. नाताळचे कार्यक्रम, गोल्फच्या स्पर्धांनंतरच्या गप्पा, दुसऱ्यांच्या कार्यक्रमांतली पाहुणा म्हणून हजेरी. एबीसी या दुसऱ्या वाहिनीवर १९६४ ते १९७० चाललेल्या 'हॉलिवूड पॅलेस' या करमणुकीच्या कार्यक्रमाचा पहिला भाग त्यानंच सादर केला आणि शेवटचाही. हे सगळं आज शोधायचं तर कुठं?

त्यासाठी त्या काळात टीव्ही चालायचा कसा, हे पाहू या. पन्नासच्या दशकात बहुतेक कार्यक्रम थेट व्हायचे. न्यूयॉर्कमध्ये रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा लॉस एंजेलिसमध्ये सहाच वाजलेले असतात. मग तिकडच्या लोकांना हाच कार्यक्रम त्यांच्या रात्री दाखवायचा कसा? तर टीव्हीच्या एका पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा उभा करायचा आणि चक्क पडद्याचं चित्रीकरण करायचं. याला किनिस्कोप म्हणतात. आपण लग्नाच्या अल्बममधल्या फोटोचा मोबाइलनं फोटो काढतो ना, तसंच. चित्र मऊ पडतं, कडा विरघळतात, काळे कोट एकमेकांत मिसळतात. पण उरतं. १९५० च्या दशकातलं जे काही आज आपण बघतो, त्यातलं पुष्कळ या उसन्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

१९५६ साली अँपेक्स कंपनीनं व्हिडिओ टेपचं यंत्र बाजारात आणलं. दोन इंच रुंदीची टेप. आता सगळं जपलं जाईल असं वाटावं, पण झालं उलटंच. तासाभराच्या टेपला तीनशेच्या आसपास डॉलर पडत, आणि तीच टेप पुसून पुन्हा वापरता येई. मग हिशेबाला बसलेला माणूस काय करणार? गेल्या नाताळचं गाणं पुसून त्यावर या आठवड्याची प्रश्नमंजूषा भरणार. किनिस्कोपचे डबेही जागा अडवतात म्हणून गेले. १९९६ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसपुढे एडी अ‍ॅडम्स या अभिनेत्रीनं साक्ष दिली, की ड्यूमाँट या बंद पडलेल्या वाहिनीची रिळं ट्रकांत भरून न्यूयॉर्कच्या खाडीत टाकून देण्यात आली. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझं त्या दिवशी कशात लक्ष लागलं नाही.

म्हणून आम्ही शोधणारी माणसं कार्यक्रमाचं नाव कळलं की लगेच विचारतो, फिल्मवर झाला होता का? फिल्मवर झाला असेल तर आशा धरायला जागा. १९५६ चं 'हाय टॉर' हे संगीतनाट्य, ज्यात बिंगबरोबर तरुण ज्यूली अँड्र्यूज आहे, फिल्मवर चित्रित झालं होतं, म्हणून ते मिळतं. १९५७ च्या डिसेंबरात गायक फ्रँक सिनात्रानं आपल्या घरी बिंग आला आहे अशा कल्पनेवर नाताळचा अर्धा तास केला. लोकांनी तो काळापांढरा पाहिला, कारण तसाच प्रक्षेपित झाला. पण सिनात्रानं तो रंगीत फिल्मवर करून ठेवला होता! पुढं कित्येक वर्षांनी ती रंगीत प्रत बाहेर आली. ज्यांनी मूळ प्रक्षेपण पाहिलं, त्यांच्यापेक्षा आपण तो चांगला पाहू शकतो. झाडाचा हिरवा, भिंतीचा रंग, सगळं.

त्याच वर्षी ऑक्टोबरात फोर्ड कंपनीनं एड्सेल नावाची नवी मोटार खपवण्यासाठी तासाभराचा कार्यक्रम केला. बिंग, सिनात्रा, गायिका रोझमेरी क्लूनी, ट्रंपेटवादक लुई आर्मस्ट्राँग, सगळे एका मंचावर, थेट. मोटार लोकांना आवडली नाही, १९५९ मध्ये उत्पादन थांबलं. आर्मस्ट्राँगचा रुमाल आणि बिंगचं त्याच्याकडे बघून हसणं आजही आहे.

आता मी ज्यासाठी आलो, त्या गोष्टीकडे येतो. जुने कार्यक्रम कंपन्यांनी पुसले, फेकले, हे आपण ऐकलं. मग टिकले ते कोणामुळे? तर कुणाला तरी ते पुन्हा बघायचे होते म्हणून. आणि बिंगच्या बाबतीत तो 'कुणीतरी' बऱ्याचदा बिंग स्वतःच होता.

या माणसाला थेट कार्यक्रमांचा जाच नकोसा झाला होता. रेडिओवर दर आठवड्याला ठरल्या वेळी हजर राहायचं, आणि पश्चिम किनाऱ्यासाठी तेच पुन्हा करायचं. १९४६ साली त्यानं हट्टानं आधी ध्वनिमुद्रित केलेला रेडिओ कार्यक्रम सुरू केला. पण तो तबकड्यांवर मुद्रित व्हायचा. एका तबकडीवरून दुसरीवर घेताना आवाज खराब व्हायचा आणि श्रोते कुरकुरायचे. १९४७ मध्ये जॅक मलिन नावाचा अभियंता त्याच्याकडे आला. महायुद्ध संपताना जर्मनीत सापडलेली दोन टेपयंत्रं त्यानं सुटी करून टपालाच्या पिशव्यांतून घरी पाठवली होती आणि पुन्हा जोडली होती. बिंगनं ऐकलं आणि त्याला नेमूनच टाकलं. त्याच ऑक्टोबरपासून कार्यक्रम टेपवर जायला लागला. अँपेक्स तेव्हा अगदी छोटी कंपनी. बिंगनं तिला पन्नास हजार डॉलर आगाऊ दिले, म्हणून तिची पहिली यंत्रं तयार होऊ शकली. पुढे त्याच्याच कंपनीतल्या मलिननं आणि सहकाऱ्यांनी टेपवर चित्र उतरवण्याचाही प्रयत्न केला. १९५१ च्या नोव्हेंबरात त्यांनी ते दाखवलं. चित्र धूसर होतं. शर्यत अखेर अँपेक्सनंच जिंकली, पण गाणाऱ्या माणसानं हे सगळं करावं, हे मला आजही भारावून टाकतं.

आणि त्याचं घर! सॅन फ्रान्सिस्कोजवळ हिल्सबरोला. २००९ च्या डिसेंबरात बिंगच्या संग्रहाचं काम पाहणारे रॉबर्ट बेडर त्याच्या टीव्ही कार्यक्रमांच्या फिल्मा आणि टेपा हुडकत होते, डीव्हीडी काढण्यासाठी. हे काम चाललं होतं वाइन ठेवण्याच्या तळघरात. थंड, कोरडी, अंधारी जागा. वाइनला मानवणारा थंडावा फिल्मलाही मानवतो. तिथं त्यांच्या हाती करड्या रंगाचे डबे लागले, वर लिहिलेलं, '१९६० वर्ल्ड सीरीज'. आत १६ मिलिमीटरची पाच रिळं. बेसबॉलच्या त्या अंतिम मालिकेतला सातवा सामना, १३ ऑक्टोबर १९६० चा, पिट्सबर्ग पायरेट्स विरुद्ध न्यूयॉर्क यांकीज. पायरेट्स १०–९ नं जिंकले, शेवटच्या डावात बिल मॅझेरॉस्कीच्या फटक्यावर. या सामन्याचं पूर्ण चित्रण जगात कुठंही उरलेलं नाही, असंच सगळे धरून चालले होते.

बिंग पायरेट्स संघाचा भागीदार होता. आपण बघायला बसलो तर संघ हरेल, ही धास्ती. म्हणून तो सामन्याच्या वेळी पॅरिसला जाऊन राहिला, आणि जाताना सामन्याचा किनिस्कोप करून ठेवायला सांगून गेला. जिंकले तर परत येऊन बघणार होता. आपल्याकडे भारत-पाकिस्तान सामन्यात एकाच खुर्चीत बसून राहणारे काका असतात, त्यांना बिंगचं मन लगेच कळेल. परत आल्यावर त्यानं सामना पाहिला आणि रिळं तळघरात ठेवून दिली. ती एकोणपन्नास वर्षं तिथं होती. शोधायला गेले होते गाणी आणि सापडला सामना. पण शोधणारा गाण्यांसाठी गेला होता म्हणून सापडला, हे मी दर वेळी सांगतो.

आता या हातातल्या कॅसेटकडे परत येतो. ११ सप्टेंबर १९७७ ला लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओत बिंगनं नाताळचा कार्यक्रम चित्रित केला. पाहुणा ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवी, वय तीस. बिंग चौऱ्याहत्तरचा. ठरलेलं गाणं बोवीला गायचं नव्हतं. तेव्हा लेखक-संगीतकारांनी सव्वा तासाच्या आसपास त्या गाण्याला जोडून जाईल अशी दुसरी ओळ, दुसरी चाल रचली. एक बिंगनं धरली, एक बोवीनं. १४ ऑक्टोबरला माद्रिदजवळ गोल्फचा डाव संपवून परतताना बिंग कोसळला आणि गेला. कार्यक्रम अमेरिकेत दाखवला गेला ३० नोव्हेंबरला, म्हणजे तो गेल्यावर दीड महिन्यानं. ते द्वंद्वगीत अधिकृतपणे बाजारात यायला १९८२ उजाडलं. मधली वर्षं ते चोरट्या रेकॉर्डींवर, घरगुती टेपांवर, हातोहात फिरत राहिलं. रसिकांनीच ते फिरतं ठेवलं.

घरगुती टेपेची एक मौज अधिकृत डीव्हीडीत नसते. मध्ये जाहिराती असतात, वाहिनीची उद्घोषणा असते. प्रत कोणत्या वर्षीची, हे पुष्कळदा तिथंच कळतं. आम्ही एकमेकांना प्रती पाठवतो तेव्हा गाण्यांची क्रमवार यादी, मिनिट-सेकंद आणि कुठं जोड मारलेला दिसतो, हे लिहून पाठवतो. एकाच्या प्रतीत सुरुवात गेलेली, दुसऱ्याच्या प्रतीत शेवट. दोन्ही मिळून कार्यक्रम पुरा होतो. माहितीपटांचंही तसंच. २०१४ साली अमेरिकेच्या पीबीएस वाहिनीवर रॉबर्ट ट्रॅक्टेनबर्ग यांनी केलेला दीड तासाचा माहितीपट आला, त्यात बिंगच्या घरातलीच चित्रणं आणि ध्वनिमुद्रणं वापरली आहेत. तो बघताना माझं अर्धं लक्ष गोष्टीकडे आणि अर्धं कोपऱ्यातल्या दोन-दोन सेकंदांच्या तुकड्यांकडे होतं. हा तुकडा कुठल्या कार्यक्रमातला? मग पुढचा तुकडा कुठंय?

तुमच्या घरी जुन्या कॅसेटी असतील तर एवढं ऐका. आपल्याकडचा पावसाळा टेपेला फार वाईट. झाकण उचलून आतली गुंडाळी उजेडात धरा. कडेवर पांढरी कापसासारखी बुरशी दिसली, तर ती कॅसेट यंत्रात घालू नका, बुरशी यंत्राच्या हेडला लागते आणि पुढच्या कॅसेटीही बिघडतात. कॅसेटी आडव्या रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. आणि डिजिटल प्रत करायला देणार असाल तर समोर उभं राहून करून घ्या. मी एकदा दुकानात ठेवून आलो. ही कॅसेट परत आली ती पहिली चार मिनिटं चुरगळून. पुढं इंग्लंडमधल्या एका रसिकानं त्याच्याकडच्या प्रतीतून ती चार मिनिटं मला पाठवली. तोंडओळख नाही, कधी भेट नाही. सोबतच्या चिठ्ठीत एवढंच होतं, की पंचविसाव्या सेकंदाला चित्र थोडं उडतं, माफ करा.

माझ्या वहीत बिंगच्या टीव्हीवरच्या हजेऱ्यांची यादी आहे. पाहिलेल्यापुढे खूण आणि न मिळालेल्यापुढे रिकामी चौकट. रिकाम्या चौकटी अजून पुष्कळ आहेत. पण एल्स्ट्रीच्या त्या सप्टेंबरपुढे खूण आहे. मागचे दिवे तेवढे बंद करा. ती चार मिनिटं जोडलेली प्रत लावतो. पंचविसाव्या सेकंदाला चित्र उडेल.