दाखला आजोबांचा, उमेदवारी नातीची

[दृश्य: कापसाचं शेत, वेचणाऱ्या बाया]

जानेवारी. यवतमाळ जिल्ह्यात वेचणीचा हंगाम. मजुरी किलोवर. संध्याकाळी काट्यावर जेवढं गाठोडं भरेल, तेवढेच पैसे हातात. आणि २६ जानेवारीची ग्रामसभा येते ती नेमकी याच दिवसांत. पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची, बाई सभेला गेली, की तिची मजुरी बुडाली.

सभेला पंधरा टक्के मतदार किंवा शंभर जण लागतात. नाही जमले तर सभा तहकूब. तहकूब सभेला कोरमच लागत नाही! म्हणजे ही आली काय, न आली काय, ठराव होतोच. ग्रामसभेआधी बायांची वेगळी सभा घ्यावी, असा कायदा आहे. अनेक गावांत ती रजिस्टरात भरते. अंगठे घरोघरी जाऊन घेतले जातात.

राज्यात २०११ पासून ग्रामपंचायतीत निम्म्या जागा महिलांना. मग चर्चा होते सरपंचपतीची. व्हायलाच हवी. पण नवऱ्याला खुर्ची बळकावायची असली, तरी आधी बायकोचं पद टिकावं लागतं.

[दृश्य: तहसील कार्यालय, नकलांची खिडकी]

आदिवासींच्या राखीव जागेला जात पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र लागतं. पुरावा शक्यतो ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा, तोही वडिलांच्या घराण्याचा. सासरी केस पिकलेल्या बाईनं माहेरच्या तालुक्याला खेटे घालायचे; आजोबांचा शाळेचा दाखला, नाहीतर कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, नक्कल शोधायची. आजोबांनी शाळा पाहिलीच नसेल तर? मुदतीत प्रमाणपत्र आलं नाही, की निवडून आलेलीचंही पद जातं.

पारधी बेड्यावर, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवर, अडचण वेगळी. झोपडं गायरानावर, आणि सरकारी जागेवर अतिक्रमण असेल तर सदस्यत्व रद्द. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कुटुंबातल्यांनी केलेलं अतिक्रमणही त्यात धरलं. सासऱ्यानं उभारलेल्या झोपडीत सून नांदायला आली; अपात्र मात्र तीही. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं, तरी तेच. मूल किती, हे घरात कोण ठरवतं, ते कुणी विचारत नाही.

वनहक्काच्या, म्हणजे कसत असलेल्या जंगलजमिनीच्या, दाव्यात गावातल्या म्हाताऱ्यांचं लिहून घेतलेलं कथन पुराव्यांत धरतात. २००८ च्या नियमांतच तशी तरतूद आहे. जमिनीसाठी ज्या म्हाताऱ्याचा शब्द सरकार लिहून घेतं, त्याच्याच नातीला जातीच्या समितीसमोर पहिला प्रश्न असतो तो कागदाचा.