घरट्यातली भाषा

नमस्कार. हवाई बेटांच्या मूळ भाषेबद्दल बोलायचं, तर एका शब्दापासून सुरुवात करतो. ‘पउ’ म्हणजे संपलं. त्याच दोन स्वरांच्या मध्ये घसा क्षणभर बंद केला, की अर्थ होतो काजळी. घसा तसाच बंद करून दोन्ही स्वर दीर्घ म्हटले, की होतं कमरेला गुंडाळायचं वस्त्र. आपण दिन आणि दीन वेगळे ओळखतो, तितकं सहज हे तिथल्या माणसाला कळतं. घसा बंद करण्याच्या त्या क्षणाला आणि तो दाखवणाऱ्या खुणेला ‘ओकिना’ म्हणतात. तिथे ते रीतसर व्यंजन मानलं जातं.

गंमत म्हणजे जुन्या हवाईयन वर्तमानपत्रांत ही खूण बहुतेक ठिकाणी छापलेलीच नसते. वाचणाऱ्याला गरजच नव्हती, संदर्भावरून तो बरोबर उच्चार करायचा. आणि वाचणारे भरपूर होते. १८३४ ते १९४८ या काळात तिथे या भाषेत शंभराच्या आसपास वर्तमानपत्रं निघाली. राज्यकारभार, कोर्टकचेऱ्या, शाळा, सगळं हवाईयनमधून चालायचं. खूण काटेकोरपणे लिहिण्याची वेळ पुढे आली, भाषा पुस्तकातून शिकावी लागली तेव्हा.

१८९३ मध्ये बड्या अमेरिकी व्यापारी-मळेवाल्यांच्या गटाने हवाईच्या राणी लिलिउओकलानी यांना पदच्युत केलं. तीन वर्षांनी, १८९६ मध्ये, कायदा आला : शाळेचं माध्यम इंग्रजीच हवं, नाहीतर शाळेला मान्यता नाही. घरात काय बोलायचं याबद्दल त्या कायद्यात काही नव्हतं. पण शाळेत हवाईयन बोललं म्हणून मार खाल्लेली मुलं पुढे आईबाप झाली आणि त्यांनी आपल्या मुलांशी इंग्रजीत बोलायला सुरुवात केली. त्यांना दोष देण्याची माझी मुळीच इच्छा नाही. लेकराला आपल्यासारखे हाल सोसावे लागू नयेत एवढंच त्यांना हवं होतं.

१९७२ मध्ये लॅरी किमुरा या तरुणाने रेडिओवर कार्यक्रम सुरू केला. म्हाताऱ्या माणसांना बोलवायचं आणि हवाईयनमध्ये मनसोक्त गप्पा मारायच्या. त्यांचं बोलणं शेकडो तास ध्वनिमुद्रित झालं. हवाई तोवर अमेरिकेचं एक राज्य झालं होतं. १९७८ मध्ये त्या राज्याच्या घटनेत दुरुस्ती होऊन इंग्रजीबरोबर हवाईयनही राज्यभाषा झाली. पण माध्यमाचा तो जुना निर्बंध तसाच राहिला! भाषा राज्याची, पण सरकारी शाळेत गणित तिच्यातून शिकवायचं नाही.

१९८३ मध्ये किमुरा, विल्यम विल्सन, काउआनोए कामाना आणि इतर काही शिक्षक एकत्र आले. तेव्हा ही भाषा बोलणारी अठरा वर्षांखालची मुलं पन्नासही उरली नव्हती. न्यूझीलंडचे मूळ रहिवासी असलेल्या माओरींनी वर्षभरापूर्वीच ‘कोहांगा रेओ’ नावाच्या बालवाड्या काढल्या होत्या. त्यावरून या मंडळींनी आपल्या संस्थेचं नाव ठेवलं ‘पूनाना लेओ’. पूनाना म्हणजे कोहांगासारखंच घरटं, लेओ म्हणजे आवाज. माओरींचा रेओ आणि यांचा लेओ एकच, सख्ख्या बहिणींसारख्या भाषा या.

पहिली बालवाडी १९८४ मध्ये काउआई बेटावर केकाहा इथे निघाली. केकाहाच का? कारण समोरच नीइहाउ हे छोटं, खाजगी मालकीचं बेट आहे, तिथे हवाईयन कधी खंडितच झाली नव्हती आणि तिथली बरीच कुटुंबं केकाहाला राहतात. विझत आलेल्या चुलीत निखारा जिथे शिल्लक होता तिथेच यांनी फुंकर घातली. मग हिलो, मग होनोलुलू या शहरांत. पण अडचण अशी, की ज्यांना भाषा उत्तम येत होती त्या आजी-आजोबांकडे बालवाडीत शिकवायला लागणारं प्रमाणपत्र नव्हतं. त्यासाठी पालकांनी विधिमंडळाच्या पायऱ्या झिजवल्या. १९८६ मध्ये सवलतही मिळाली आणि माध्यमावरचा निर्बंधही उठला.

१९८७ मध्ये हिलोजवळच्या केआउकाहा आणि ओआहू बेटावरच्या वाइआउ इथल्या सरकारी शाळांत हवाईयन माध्यमाचे वर्ग सुरू झाले. वर्ग झाले, पुस्तकं कुठे होती? पालक आणि शिक्षक रात्री एकत्र बसायचे. इंग्रजी चित्रपुस्तक घ्यायचं, मजकुराचं हवाईयन भाषांतर करायचं, ते कागदावर उतरवून पट्ट्या कापायच्या आणि डिंकाने इंग्रजी ओळींवर चिकटवायच्या. यांतल्या बहुतेक आईबापांना स्वतःला भाषा येत नव्हती. ते मुलांच्या मागोमाग शिकत होते. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाच्या वाटतात त्या या पट्ट्या. घटनादुरुस्तीने भाषेला मान दिला, पण सहा वर्षांच्या मुलाच्या हातात वाचायला काही दिलं ते या लोकांनी. मराठी शाळेसाठी धडपडणारे पालक इथे बसले असतील, त्यांना वेगळं काही सांगायला नको.

या वर्गांत इंग्रजी विषय येतो तो पाचवीपासून. मुलांचं कसं होणार ही भीती तिथेही होती. १९९९ मध्ये बारावीपर्यंत याच माध्यमातून शिकलेली पहिली तुकडी बाहेर पडली. हिलोच्या विद्यापीठात हवाईयन भाषेचं स्वतंत्र महाविद्यालय आहे. नवे शब्दही घडवले गेले. संगणकाला ‘लोलोउइला’ म्हणतात, म्हणजे विजेचा मेंदू. आता बालवाडीतली ती पहिली मुलं स्वतः आईबाप झाली आहेत आणि काहींच्या घरी तान्ह्या बाळाशी पहिल्या दिवसापासून हवाईयन बोलली जाते.

शिक्षकांचा तुटवडा मात्र मोठा आहे. लानाई नावाच्या लहानशा बेटावर हवाईयन माध्यमाचा वर्ग नव्हता. दोन मुलींची आई कोर्टात गेली. शिक्षण विभागाचं म्हणणं, आम्ही प्रयत्न केले, शिक्षक मिळाला नाही. २०१९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की हवाईयन माध्यमाचं शिक्षण मुलांना मिळावं यासाठी शक्य ते सगळे वाजवी प्रयत्न करणं हे राज्याचं घटनात्मक कर्तव्य आहे. १९७८ मध्येच झालेल्या, हवाईयन शिक्षणाबद्दलच्या घटनादुरुस्तीचा आधार न्यायालयाने घेतला. ती कागदावर आल्यानंतर एकेचाळीस वर्षांनी एका आईने ती आपल्या मुलींसाठी वापरून दाखवली.