पलंगाचा कठडा कोणाच्या सांगण्यावरून वर होता?

हॉस्पिटलच्या पलंगाचा हा कठडा. खिटी पक्की बसली नाही, तर भार पडताच तो खाली येतो आणि रुग्ण जमिनीवर. कॅलिफोर्नियात एक महिला रुग्ण उठताना अशीच पडली. दावा दाखल झाला तेव्हा दोन वर्षं पुरी व्हायला थोडेच दिवस उरले होते.

तिथे साध्या हयगयीच्या दाव्याला मुदत दोन वर्षं. वैद्यकीय हयगयीला मात्र इजा कळल्यापासून एकच वर्ष. त्यामुळे ही हयगय कोणत्या प्रकारची, यावरच दावा जगणार की मुदतबाह्य ठरणार हे अवलंबून होतं.

२०१६ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने या हयगयीला वैद्यकीय म्हटलं. कठडा वर ठेवा, असं डॉक्टरांनी तिची प्रकृती बघून सांगितलं होतं. म्हणजे कठडा उपचाराचा भाग झाला आणि तो धड न ठेवणं ही उपचारातली कसूर. वेटिंग रूममधली खुर्ची मोडली असती, तर गोष्ट वेगळी. तिच्यावर रुग्णही बसतो आणि सोबत आलेला नातेवाईकही.

मिशिगनची कसोटी निराळी. २००४च्या ब्रायंट निकालात न्यायालयाने दोन प्रश्न घालून दिले. चूक घडली ती रुग्णसेवेच्या व्यावसायिक नात्यात घडली का? आणि ती जोखायला सामान्य माणसाच्या समजेपलीकडचं वैद्यकीय ज्ञान लागतं का? दोन्हींची उत्तरं ‘हो’ असली तरच वैद्यकीय हयगय.

तो खटला दीर्घकालीन शुश्रूषा केंद्रातल्या एका रुग्ण महिलेच्या मृत्यूचा. गादी आणि कठडा यांच्या फटीत ती सरकली, मान दाबली गेली, श्वास कोंडला. न्यायालयाने आरोप एकेक करून सुटे केले, आणि निकालाची खरी गंमत इथेच आहे. गुदमरण्याचा धोका ओळखायचं प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना दिलं नाही, पलंग-गादी त्या दृष्टीने तपासली नाही, हे आरोप वैद्यकीय. कारण कोणत्या रुग्णाला किती जखडायचं आणि किती मोकळं सोडायचं, हे ठरवायला वैद्यकीय निर्णय लागतो. पण आदल्याच दिवशी ती अडकलेली साहाय्यकांना दिसली होती. तरी काही केलं नाही, हा आरोप साध्या हयगयीचा. डोळ्यांदेखतचा धोका ओळखायला पदवी लागत नाही. एकच मृत्यू, पण हयगय दोन्ही प्रकारची.

फरक नुसता नावाचा नाही. मिशिगनमध्ये वैद्यकीय दाव्याला दोन वर्षं, साध्याला तीन. वैद्यकीय असेल तर साधारणपणे १८२ दिवस आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि दाव्यासोबत तज्ज्ञाचं प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं. न्यूयॉर्कमध्ये वैद्यकीय दाव्याला अडीच वर्षं, साध्याला तीन. दाव्याच्या मथळ्यावर ‘साधी हयगय’ लिहून सुटका होत नाही. न्यायालय आतला मजकूर वाचून ठरवतं. ही चूक फार वकिलांना भोवते.

म्हणून जाणकार वकील कमी मुदत धरूनच चालतो, दोन्ही प्रकारचे आरोप मांडतो आणि आधी रुग्णाची कागदपत्रं मागवतो. त्यात कठड्याबद्दल डॉक्टरांचा आदेश निघाला, तर कॅलिफोर्नियात एका वर्षाचा हिशेब धरायचा. दुरुस्ती विभागाकडची खिटीची जुनी तक्रारही उशिरा केलेल्या दाव्याला सहजी वाचवत नाही. मिशिगनमध्ये मात्र आदल्या पाळीच्या नोंदवहीत ‘रुग्ण अडकलेला आढळला’ एवढी ओळ सापडली, तर तेवढा आरोप वैद्यकीय तज्ज्ञाशिवायही ज्युरीपुढे नेता येतो.